लाइट गेली की लॅन मेसेंजरची यादी रिकामी: घरातले संगणक एकमेकांना का दिसेनासे होतात

लॅन मेसेंजर म्हणजे घरातल्याच नेटवर्कवर एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवणारा प्रोग्रॅम. त्याची तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "काल रात्रीपर्यंत मस्त चालत होतं, आज यादीत कुणीच नाही." खालचा संगणक चालू, वरचा चालू, दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित, आणि मेसेंजर उघडला की यादीत आपलं एकट्याचं नाव. मग कुणीतरी मेसेंजर काढून पुन्हा टाकतं. कधी त्याने चालतं, कधी नाही. चाललं तरी पुढच्या वेळी लाइट जाऊन आली की पुन्हा तेच. पुण्यात ज्यांच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी लाइट जाते, त्यांची तर गुरुवारची संध्याकाळ यातच जाते.

पुन्हा इन्स्टॉल करून हे कायमचं बरं होत नाही, कारण दुखणं बहुतेक वेळा मेसेंजरमध्ये नसतंच. ते विंडोजच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून संगणकात काय येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) असतं, राउटरमधल्या एखाद्या टिकमध्ये असतं, नाहीतर घरात नकळत तयार झालेल्या दोन नेटवर्कांमध्ये असतं. नव्याने टाकल्यावर जे "चालू होतं" ते बरेचदा एवढ्यासाठीच, की फायरवॉलची विचारणा पुन्हा वर आली आणि या वेळी कुणीतरी बरोबर बटण दाबलं.

व्हॉट्सॲप असताना हे कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: खाली करसल्लागाराचं ऑफिस आणि वर बिऱ्हाड अशा घरात दिवसभर "या फाइलचं चलन पाठवा", "जेवायला या" हे चालू असतं. रस्ता खोदताना फायबर तुटली तरी राउटर चालू असेल तर लॅनवरचा निरोप जातो. मुलांच्या संगणकाला मोबाइल नंबर लागत नाही. आणि अशिलाचे कागद घराबाहेर न जाता वरून खाली येतात.

एक सूचना. खाली आज्ञा आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी कीबोर्डवरूनच करायचे.

दिसत नाही की पोहोचत नाही?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्या एकातच घालतात. त्या वेगळ्या केल्या की अर्धं काम होतं, म्हणून इथे जरा थांबू.

घरगुती लॅन मेसेंजरला मध्ये सर्व्हर नसतो. प्रत्येक संगणक चालू झाला की वाड्याच्या चौकात उभं राहून मारावी तशी हाक मारतो: मी आलोय, कोण कोण आहे? ऐकणारे ओ देतात आणि एकमेकांची नावं यादीत चढतात. नेटवर्कमध्ये ही हाक म्हणजे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना) किंवा मल्टिकास्ट (ऐकायची नोंद केलेल्यांनाच). १९९६ मध्ये जपानमध्ये आलेला आणि आजही वापरात असलेला आयपी मेसेंजर ती यूडीपी २४२५ या पोर्टवर मारतो (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार; यूडीपी आणि टीसीपी या पाकिटं पाठवण्याच्या दोन पद्धती). बीबीप यूडीपी ३६४७५ वर हाक मारतो आणि गप्पा टीसीपी ६४७५ वर करतो. लोकलसेंड मुळात फाइली पाठवण्यासाठी आहे, पण त्यातून साधा मजकूरही जातो. त्याची हाक २२४.०.०.१६७ या मल्टिकास्ट पत्त्यावर, पोर्ट ५३३१७ वर जाते.

निरोप मात्र हाकेने जात नाही. तो समोरच्या संगणकाच्या आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या क्रमांकावर, थेट जातो. त्यामुळे हाक अडली आणि थेट वाट मोकळी असली, तर यादी रिकामी दिसते पण निरोप जाऊ शकतो. वाटच बंद असेल तर नाव दिसूनही निरोप "पाठवतोय..." वर लटकतो.

तपासायचं असं. दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. "आयपीव्ही४ ॲड्रेस" आणि "डीफॉल्ट गेटवे" (राउटरचा पत्ता) या दोन ओळी कागदावर उतरवून घ्या. बरेच अडॅप्टर (नेटवर्क कार्डं) दिसले तर ज्याच्यासमोर गेटवे भरलेला आहे तो आपला. समजा खाली १९२.१६८.१.७ आहे आणि वर १९२.१६८.१.२३. पहिले तीन आकडे सारखे, गेटवेही सारखा, म्हणजे दोघं एकाच नेटवर्कवर. वर १९२.१६८.०.१०४ असं काही निघालं तर थेट "एका घरात दोन नेटवर्कं" या भागाकडे जा. बाकी सगळं वाचून उपयोग नाही. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

आता मेसेंजरमध्ये समोरच्याचा आयपी पत्ता हाताने घाला. आयपी मेसेंजरमध्ये ब्रॉडकास्टच्या पत्त्यांच्या यादीत तो टाकता येतो, बीबीपमध्ये वापरकर्ता हाताने जोडता येतो, लोकलसेंडमध्ये पत्ता टाकून पाठवता येतं. असं केल्यावर निरोप गेला, तर फक्त हाक अडते आहे. नाही गेला, तर वाट बंद आहे.

वाट कुणी बंद केली हे शोधायला पिंग ही "आहेस का?" असं विचारणारी आज्ञा वापरतात आणि इथेच बरेच जण फसतात. पिंगला उत्तर नाही याचा अर्थ संगणक पोहोचत नाही असा होत नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला बरेचदा उत्तरच देऊ देत नाही. म्हणून पिंग १९२.१६८.१.२३ करा, चारही वेळा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तरी निराश होऊ नका, आणि लगेच एआरपी, मध्ये जागा सोडून, वजा चिन्ह आणि ए, अशी आज्ञा द्या. समोर पत्त्यांची यादी येईल. त्यात १९२.१६८.१.२३ शोधा. त्याच्यापुढे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या आणि "डायनॅमिक" असं असेल, तर वरचा संगणक वायरीच्या पातळीवर उत्तर देतो आहे. पिंग गिळणारी त्याची फायरवॉल आहे. ती ओळच नसेल, किंवा पिंगने "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असं सांगितलं, तर फायरवॉलला दोष देऊ नका. पाकीट तिथवर गेलंच नाही, राउटर बघा.

ही एक तपासणी मला सगळ्यात जास्त आवडते. दोन मिनिटांत कळतं की पुढचा अर्धा तास विंडोजमध्ये घालवायचा की राउटरमध्ये.

लाइट आल्यानंतर नेमकं काय बिघडतं

संगणक यूपीएसवर आणि राउटर साध्या बोर्डावर, ही बऱ्याच घरांतली रचना. लाइट गेली की राउटर बंद, संगणक चालूच. लाइट आली की राउटर उठायला एक-दोन मिनिटं घेतो, फायबरचा डबा त्याहून जास्त. तेवढ्यात संगणकाने पत्ता मागितलेला असतो, उत्तर आलेलं नसतं, म्हणून तो स्वतःच १६९.२५४ वाला पत्ता घेऊन बसतो. विंडोज त्यानंतर दर पाच मिनिटांनी राउटरला पुन्हा विचारत राहतं, त्यामुळे बहुतेक वेळा आपोआप सुधारतं. पण तेवढ्या वेळात मेसेंजरने आपली हाक जुन्या पत्त्यावरून मारलेली असते, आणि काही मेसेंजर पत्ता बदलला तरी नव्याने हाक मारत नाहीत. अशा वेळी मेसेंजर पूर्ण बंद करून उघडला की पुरतं. पूर्ण म्हणजे घड्याळाशेजारच्या चिन्हावर उजवं क्लिक करून एक्झिट. खिडकीची फुली दाबून तो बहुधा मागे चालूच राहतो.

याहून चिवट प्रकार म्हणजे प्रोफाइल बदलणं. विंडोज प्रत्येक नेटवर्कला "पब्लिक" किंवा "प्रायव्हेट" धरतं. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वायफाय समजून वागायचं: बाहेरून येणारी हाक ऐकायची नाही. गेटवे नसलेलं, न ओळखलेलं नेटवर्क ते पब्लिकच धरतं. नवा राउटर लावला, किंवा कंपनीच्या माणसाने डबा बदलून दिला, तर नाव आणि पासवर्ड तेच असूनही विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क असू शकतं आणि पुन्हा पब्लिक होतं. म्हणून "डबा बदलल्यापासून चालत नाही" असं कुणी म्हटलं की मी पहिलं हेच बघतो.

बघायचं कुठे: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय किंवा इथरनेट, आणि चालू नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. तिथे प्रायव्हेट निवडा. सगळ्या संगणकांवर. एकावर प्रायव्हेट आणि दुसऱ्यावर पब्लिक असेल तर मजेशीर लक्षण दिसतं: एकाला दुसरा दिसत नाही, पण दुसऱ्याला पहिला दिसतो. ज्याला कुणी दिसत नाही तो बिघडलाय असं सगळ्यांना वाटतं, आणि बरेचदा त्याचीच फायरवॉल आत येणाऱ्या हाका अडवत असते, म्हणजे अंदाज बरोबर. पण उपाय मेसेंजरमध्ये नाही, या एका निवडीत आहे.

सगळे अडॅप्टर एकदम बघायचे असतील तर पॉवरशेलमध्ये (आज्ञा लिहायची विंडोजची दुसरी खिडकी) गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल ही आज्ञा द्या. "नेटवर्क कॅटेगरी" च्या ओळीत पब्लिक की प्रायव्हेट ते दिसतं.

प्रायव्हेट केलं तरी चालत नाही

मग फायरवॉलमधला नकाराचा नियम शोधा. हा भाग फार कमी जणांना माहीत असतो आणि वर्षानुवर्षं त्रास देतो तो हाच.

मेसेंजर पहिल्यांदा चालू होताना विंडोज विचारतं, याला नेटवर्कवर येऊ द्यायचं का. घाईत कुणी कॅन्सल दाबलं, की विंडोज नुसतं गप्प बसत नाही. ते त्या प्रोग्रॅमसाठी अडवणुकीचे नियम लिहून ठेवतं, साधारणपणे दोन: एक टीसीपीचा, एक यूडीपीचा. पुढे तुम्ही परवानगीचा नियम कितीही वेळा जोडा, विंडोज फायरवॉलमध्ये नकार परवानगीच्या वरचढ असतो. त्यामुळे यादीत हिरवी टिक दिसते आणि तरी काही येत नाही.

मुलांना ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं दिलं असेल, तर आणखी गंमत. तिथे खिडकी वर येतच नाही आणि अडवणुकीचा नियम बहुधा गुपचूप तयार होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, मी काहीच दाबलं नाही," आणि ते खरं असतं.

उपाय: ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून स्टार्टमध्ये "विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी" शोधून उघडा. डावीकडे इनबाउंड रूल्स. नावाच्या रकान्यावर क्लिक करून यादी अक्षरांप्रमाणे लावा आणि मेसेंजरच्या नावाच्या ओळी बघा. लाल गोल आडव्या रेघेचं चिन्ह असलेल्या ओळी म्हणजे नकार. त्या सगळ्या डिलीट करा, डिसेबल करून ठेवू नका, नंतर गोंधळ होतो. मग मेसेंजर बंद करून ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून उघडा, विचारणा वर आली की प्रायव्हेटवर टिक ठेवून परवानगी द्या. विचारणा आलीच नाही तर उजवीकडे न्यू रूल घेऊन मेसेंजरच्या प्रोग्रॅमसाठी परवानगी द्या, फक्त प्रायव्हेटसाठी.

पोर्टपेक्षा प्रोग्रॅमसाठी नियम केलेला बरा, पण एक मेख आहे. नियम प्रोग्रॅमच्या फोल्डरच्या पत्त्याला बांधलेला असतो. डाउनलोड्समधून थेट चालवलेला मेसेंजर पुढच्या आवृत्तीला वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि जुना नियम निकामी होतो. म्हणून इन्स्टॉल न होणारा, नुसता उघडून चालणारा मेसेंजर असेल तर त्याला एक कायमचं फोल्डर द्या आणि नवी आवृत्ती त्याच जागी टाका.

वेगळा अँटिव्हायरस घेतला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते आणि मग विंडोजमधल्या नियमांना काही अर्थ राहत नाही. तिथे "होम नेटवर्क" किंवा "ट्रस्टेड" असा पर्याय शोधा. काही मिनिटं ती फायरवॉल बंद करून निरोप पाठवून बघणं ही चांगली चाचणी आहे. बंदच ठेवणं हा उपाय नाही.

एका घरात दोन नेटवर्कं

फायबर देणाऱ्याने लावलेल्या डब्यातच वायफाय असतं, ते वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आपण दुकानातून एक राउटर आणतो आणि डब्यातून वायर काढून राउटरच्या वॅन (इंटरनेट आत घेणाऱ्या) भोकात खुपसतो. इंटरनेट छान चालतं. आणि त्या क्षणी घराचे दोन तुकडे होतात. डब्यावरचे संगणक १९२.१६८.१ मध्ये, राउटरवरचे १९२.१६८.० मध्ये. हाक राउटर ओलांडत नाही, त्यामुळे खालच्यांना वरचे आणि वरच्यांना खालचे कधीच दिसत नाहीत. हाताने पत्ता घातला तर आणखी फसवं होतं: आतल्या राउटरवरून बाहेरच्या डब्याकडे निरोप जाऊ शकतो, उलट दिशेने नाही. एकतर्फी संवाद दिसला की निम्म्या वेळा हे निघतं.

आणि हे "कधी चालतं, कधी नाही" असं का वाटतं? लॅपटॉपला दोन्ही वायफाय माहीत असतात. लाइट आल्यावर जो आधी उठतो त्याला तो चिकटतो. आज डब्याला, उद्या राउटरला.

उपाय एकच: दुसऱ्या राउटरला राउटरपणा सोडायला लावा. त्याच्या सेटिंगच्या पानावर "ॲक्सेस पॉइंट मोड" असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर त्यातलं डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता डब्याच्या रांगेतला पण कुणाला न दिलेला असा ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५०, आणि डब्यातून येणारी वायर वॅनऐवजी साध्या लॅन भोकात लावा. आधी पत्ता, मग डीएचसीपी, शेवटी वायर. क्रम उलटा केलात तर सेटिंगचं पान उघडायला झटापट करावी लागेल.

याच कुळातली दोन भावंडं. पाहुण्यांसाठी चालू केलेलं गेस्ट वायफाय: त्यावर बसलेल्या संगणकाला इंटरनेट मिळतं, घरातलं काही दिसत नाही, आणि तसंच अपेक्षित आहे. दुसरं "एपी आयसोलेशन" किंवा "क्लायंट आयसोलेशन": मुख्य वायफायवरच ही टिक असेल तर वायफायवरचा एकही संगणक दुसऱ्याशी बोलू शकत नाही. वायरवरचा संगणक कधीकधी दिसतो, वायफायवाले नाहीत, हे त्याचं ओळखीचं लक्षण. राउटरच्या वायरलेसच्या ॲडव्हान्स्ड पानावर ही टिक सापडते. काही डब्यांमध्ये ती फॅक्टरी रीसेट केल्यावर पुन्हा लागलेली दिसते, म्हणून डबा रीसेट झाला असेल तर तिथून सुरुवात करा.

चार-पाच मिनिटांनी नाव गायब

हा प्रकार वेगळा ओळखा. मेसेंजर उघडला की सगळे दिसतात, गप्पा होतात, आणि चहा घेऊन येईपर्यंत यादी रिकामी. पुन्हा उघडा, पुन्हा चार-पाच मिनिटं.

मल्टिकास्ट वापरणाऱ्या मेसेंजरमध्ये असं झालं तर राउटरमधलं आयजीएमपी स्नूपिंग तपासा. त्यात राउटर किंवा स्विच कोणत्या भोकावर कुणाला मल्टिकास्ट हवं आहे याची नोंद ठेवतो आणि बाकीच्यांना त्रास देत नाही. नोंद ताजी राहण्यासाठी कुणीतरी अधूनमधून "अजून हवंय का?" असं विचारावं लागतं. घरच्या नेटवर्कवर विचारणारं कुणी नसलं की नोंद शिळी होते. नियमातली मूळ मुदत २६० सेकंद आहे, म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या वर थोडं. चहाचा वेळ तो हाच. २२४.०.०. ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना स्नूपिंगने हात लावू नये असा संकेत आहे, पण स्वस्तातले सगळेच डबे तो पाळतात असं नाही. २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना तर संरक्षणच नाही. स्नूपिंग बंद करून बघा. घरात फायबरवरून टीव्ही वाहिन्या येत असतील तर बंद केल्यावर वायफाय मंदावतंय का तेवढं बघा.

आयपी मेसेंजरसारखा ब्रॉडकास्टवाला मेसेंजर वापरत असाल तर हा आजार त्याला होत नाही. राउटर बदलता येत नसेल तर मेसेंजर बदलणं हाही उपायच.

जास्तीचे अडॅप्टर

संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्ही (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे प्रोग्रॅम) असेल, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी दुरून जोडणारी वाट) असेल, तर विंडोजला एकाहून जास्त नेटवर्क कार्डं दिसतात. काही मेसेंजर पहिलं मिळेल ते कार्ड धरतात आणि हाक भिंतीकडे तोंड करून मारतात. व्हर्च्युअलबॉक्सचा १९२.१६८.५६ वाला पत्ता मेसेंजरमध्ये "माझा पत्ता" म्हणून दिसला तर कारण मिळालं. मेसेंजरच्या सेटिंगमध्ये कार्ड निवडता येत असेल तर निवडा. नाहीतर स्टार्टमध्ये एनसीपीए.सीपीएल टाइप करून नको ते कार्ड डिसेबल करा. व्हीपीएन चालू असतानाच नावं जात असतील तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये स्थानिक नेटवर्कला परवानगी देणारा पर्याय असतो. ऑफिसने तो बंद ठेवला असेल तर त्या लॅपटॉपवर हात चालवू नका.

मॅक, फोन, लिनक्स

मॅकवर २०२४ च्या सेक्वोयापासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला "लोकल नेटवर्क" ची वेगळी परवानगी लागते. नाकारली गेली असेल तर ॲप तक्रार न करता रिकामी यादी दाखवतं. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या भागात ती देता येते. लिनक्सच्या उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू केलेली असेल तर मेसेंजरचा पोर्ट उघडावा लागतो: आयपी मेसेंजरशी बोलणारा प्रोग्रॅम असेल तर २४२५, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही.

"पूर्वी नेट सेंडने जायचं की"

हे म्हणणारे अजून भेटतात, आणि त्यांचं बरोबर आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये विनपॉपअप होतं, एनटीपासून एक्सपीपर्यंत मेसेंजर सर्व्हिस होती. नेट सेंड, संगणकाचं नाव आणि मजकूर लिहिला की समोर करड्या चौकटीत निरोप उमटायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याचा जो काही वापर झाला तो इथे नको. २००२-०३ च्या सुमारास जाहिरातबाजांनी इंटरनेटवरून लोकांच्या पडद्यावर याच चौकटी पाडायला सुरुवात केली, २००३ मध्ये त्या सर्व्हिसमध्ये गंभीर सुरक्षा-दोषही सापडला. २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये ती मुळातच बंद ठेवली गेली आणि व्हिस्टापासून काढूनच टाकली. त्यामुळे विंडोज १० किंवा ११ वर नेट सेंड शोधू नका.

निरोप पाठवणारी एमएसजी नावाची आज्ञा अजून आहे, पण होम आवृत्तीत नाही, आणि घरी बहुतेकांकडे होमच असते. प्रो असेल तरी समोरच्या संगणकावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) टर्मिनल सर्व्हरच्या ओळीखाली "अलाउ रिमोट आरपीसी" १ करावं लागतं, दोन्हीकडे सारखं खातं आणि पासवर्ड लागतो, फायरवॉलमध्ये वेगळी वाट द्यावी लागते, आणि एवढं करून समोरच्याला उत्तर देता येत नाही. "एरर ५ गेटिंग सेशन नेम्स" आलं म्हणजे परवानगी नाही, १७२२ आलं म्हणजे वाट नाही. घरासाठी हा खटाटोप मी करणार नाही.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही संगणकाच्याच यूपीएसवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या बॅटरीवर घ्या. ती बॅटरी घेताना राउटरच्या पॉवर अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ किंवा ५ वर. वर सांगितलेल्या निम्म्या भानगडी यानेच थांबतात, म्हणून पैसे खर्च करायचे असतील तर पहिले इथे.

मग राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर प्रत्येक संगणकाला पत्ता राखून ठेवा, म्हणजे लाइट कितीही वेळा गेली तरी खालचा ७ आणि वरचा २३ च राहतो. संगणकावर स्थिर पत्ता टाकण्यापेक्षा राउटरमध्ये राखलेला बरा. लॅपटॉप बाहेर नेला तरी तिथे अडत नाही. राखण्यापूर्वी वायफायच्या सेटिंगमध्ये "रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस" या नेटवर्कसाठी बंद आहे ना ते बघा, नाहीतर राउटरला दर वेळी नवाच पाहुणा दिसेल आणि राखलेली जागा रिकामी राहील.

पत्ते ठरले की ते मेसेंजरमध्ये हातानेही घालून ठेवा. आता हाक ऐकू आली नाही तरी मेसेंजर थेट त्या पत्त्यावर जाऊन बघतो. आयपी मेसेंजर आणि बीबीप दोन्हींत हे एकदाच करावं लागतं.

इतकं करून यादी रिकामीच राहिली, तर मदत मागताना या गोष्टी लिहा: दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते आणि गेटवे, कोण वायरवर आणि कोण वायफायवर, पब्लिक की प्रायव्हेट, एआरपीच्या यादीत समोरच्याची ओळ आली का, आणि हाताने पत्ता घातल्यावर निरोप कोणत्या दिशेने गेला. "सगळं करून बघितलं" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. आणि डब्यातलं आयसोलेशन बंद करू दिलं जात नसेल, पासवर्ड कंपनीकडेच असेल, तर डब्याचं वायफाय बंद करायला सांगा आणि घरातले सगळे संगणक तुमच्या स्वतःच्या राउटरवर घ्या. दोन थर राहिले तरी चालतील. सगळे आतल्या थरात असले म्हणजे झालं.